कप्तानाच्या नाकावरची भेग

कप्तानाच्या नाकाला भेग पडली नसती, तर मी होतो तसाच राहिलो असतो. म्हणजे निनावी, आणि बऱ्यापैकी प्रामाणिक.

कप्तान म्हणजे चित्रातला हो. काळा डगला, गळ्याभोवती पांढरी चुणीदार झालर, एक हात तलवारीवर आणि चेहऱ्यावर असा भाव, की अख्खा समुद्र याच्या बापाचा. पोर्तुगीज. चारशे वर्षांपूर्वीचा. आमच्या नबील साहेबांनी तो लिस्बनच्या लिलावात घेतला, सौदीत जुबैलला आणला, आपल्या नव्या संग्रहालयात एसीखाली टांगला, आणि दोन महिन्यांत त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बरोबर नाकावरून एक उभी भेग गेली. साहेबांचा जीव कासावीस झाला. उद्घाटनाची कार्डं छापून झाली होती आणि कार्डावर हाच कप्तान होता, धड नाकाचा.

आता यात मी कुठून आलो? मी हारून सोलकर. गाव जयगडच्या खाडीवर, मुक्काम जुबैल, नोकरी रास अल खैरला नबील साहेबांच्याच प्रयोगशाळेत. खाणीतून बॉक्साइट येतं, फॉस्फेट येतं, त्यात काय काय आहे ते आम्ही सांगतो. माझ्या हातात एक बंदूक असते. घाबरू नका, गोळ्या नाहीत, क्ष-किरण सुटतात. दगडावर टेकवायची, घोडा दाबायचा, अर्ध्या मिनिटात पडद्यावर यादी येते. लोखंड इतकं, टायटॅनियम इतकं. यंत्राचं खरं नाव भलं लांबलचक आहे, पण आम्ही बंदूकच म्हणतो.

बावीस वर्षं मी ही बंदूक चालवतोय. हजारो अहवाल लिहिले आणि एकावरही माझं नाव नाही. सही कन्सल्टंटची. कन्सल्टंट बदलत गेले. एक स्कॉटिश होता, एक ऑस्ट्रेलियन होता, एक कुठला होता ते त्याचं त्यालाच नक्की सांगता यायचं नाही. आकडे माझे, वाक्यं माझी, आणि खाली झोकात सही त्यांची. का? तर पासपोर्ट. इथे एकाच कामाला पासपोर्ट बघून खुर्ची मिळते. कुणाला गाडी, कुणाला बस. कुणाला कॅन्टीनमध्ये टेबल, कुणाला रांग. मला याचा राग नव्हता असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतात. साठ म्हणजे फायनल एक्झिट, खलास. गावी जाताना मला एकच गोष्ट न्यायची होती. एक छापील कागद, ज्यावर शास्त्रीय काहीतरी असेल आणि खाली माझं नाव असेल. बस. इस्मत, म्हणजे आमची बायको, म्हणायची, "लग्नपत्रिकेवर आलंय की." तिला काय सांगणार? लग्नपत्रिकेवर तर नालायकांचंही येतं.

तर नबील साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कफील, म्हणजे इथे आणून ठेवणारे मालक, त्यांच्या ज्या गोष्टी ऐकता, तसलं काही नाही. इथे राहायचा परवाना, तो इकामा, वेळेवर, ईदला घरी खजुराचा डबा, आणि अरबी कॉफीचा गहवा स्वतःच्या हाताने ओतून देणार. म्हणाले, "हारून, लिस्बनहून एक मोठा तज्ज्ञ येतोय. तो चित्राची शास्त्रीय तपासणी करणार. तुझी बंदूक घेऊन ये. पुस्तक निघेल. त्यात तुझं नाव टाकू."

नाव! मी गहवा तसाच ठेवला. पूर्ण नाव ना, असं दोनदा विचारलं. या वयात असं व्हावं याची मला लाज वाटली, पण झालं खरं.

डॉक्टर दुआर्त आले. उंच, गोरे, सुती कोट, आणि आवाज इतका हळू की समोरच्याने वाकूनच ऐकावं. हळू बोलणं हीसुद्धा एक विद्या आहे. आमच्यासारखे खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारत वाढलेले लोक तिथेच हरतात. दुआर्त साहेब चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहिले. मग एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे, मान थोडी डावीकडे. मग म्हणाले, "लिस्बन. पंधराशे नव्वदच्या आसपास. उत्तम कार्यशाळा. ही झालर बघा, हे हात बघा."

नबील साहेबांचे डोळे भरून आले.

मी विचारलं, "आणि भेग का पडली?"

दुआर्त साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पंख्याने प्रश्न विचारला. "हवामान," ते म्हणाले. "जुनं लाकूड संवेदनशील असतं." एवढं कळायला लिस्बनहून विमानाने यावं लागतं! आमचा चौकीदार राजाभाऊ, नांदेडचा, त्याने मला दारातच सांगितलं होतं की एसी बंद पडला की भेग मिटते आणि एसी सुरू झाला की उघडते. राजाभाऊचं कुणी ऐकत नाही. त्याच्याकडे सुती कोट नाही.

तपासणी सुरू झाली. सुरू झाली म्हणजे मी सुरू केली. दुआर्त साहेब खुर्चीवर बसून फोनवर होते. चित्र टेबलावर आडवं घातलं, बंदुकीचं तोंड अल्कोहोलने तीन वेळा पुसलं, कारण आमच्या बंदुकीच्या नाकात कायम बॉक्साइटची धूळ असते आणि कप्तानाच्या अंगात टायटॅनियम, म्हणजे आजकालचा पांढरा रंग, निघालं असतं तर आजच्या काळातला तोतया म्हणून बिचाऱ्याची वरात निघाली असती. मग एकेक रंग घेतला. पांढऱ्यात शिसं. बरोबर, जुना पांढरा शिशाचाच. लालमध्ये पारा, म्हणजे हिंगूळ. पिवळ्यात शिसं आणि कथील. सगळं काळाला धरून. कप्तान जुना होता, यात शंका नाही.

मग निळा आला. तलवारीच्या पट्ट्याला एक गडद निळी किनार होती. बंदूक टेकवली. तांबं नाही. कोबाल्ट नाही. परत टेकवली. काही नाही. निळ्यात धातूच नाही म्हणजे तो दगडाचा नाही, झाडाचा. नीळ! आपली नीळ. बंदुकीला झाडपाला दिसत नाही. मी गालातल्या गालात हसलो.

रंगाखालचा पांढरा थर घेतला. भेगेच्या कडेचा सुईच्या टोकाएवढा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चुना होता, आणि चुन्यात चपटे, थराथरांचे, चमकणारे तुकडे. दुसऱ्या कुणाला चार पुस्तकं चाळावी लागली असती. मी चुनाभट्टीच्या धुरात वाढलोय हो. शिंपले जाळून केलेला चुना नीट भाजला नाही, की त्यात शिंपल्याच्या कपच्या राहतात. आमच्या भट्टीवाल्याला माझी आई यावरूनच शिव्या घालायची. चारशे वर्षांपूर्वीही कुणीतरी भट्टीत कामचुकारपणा केला होता आणि मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तरी मी लगेच निष्कर्ष काढला नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. दुआर्त साहेबांना म्हटलं, आतलं बघायला हवं, एक्स-रे काढू या. चित्राच्या मागे डांबरासारखा काळा थर होता आणि त्यावर जाडं कापड चिकटवलेलं. लाकूड कुठूनच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "गरज नाही." नबील साहेब म्हणाले, "काढा, काढा, पुस्तकात छान दिसेल." म्हणून काढला.

जुबैलच्या एका खासगी इस्पितळात अहिल्याताई आहे. सांगलीची. एक्स-रे विभाग तीच चालवते. सकाळी गर्दी नसताना चित्र घेऊन गेलो. तिने कप्तानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हारूनभाई, फाईल उघडल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पेशंटचं नाव?"

"कप्तान."

"आडनाव?"

"नाही माहीत."

"जन्म?"

"पंधराशे साठ धरा."

"कॉम्प्युटर एकोणीसशेच्या मागे जात नाही."

"मग एकोणीसशे. तब्येत बघता शोभेल."

"इकामा नंबर?"

शेवटी माझाच घातला. अहिल्याताईने शरीराचा भाग म्हणून छाती लिहिलं, तक्रार म्हणून नाकाला इजा लिहिलं, आणि कप्तानाला टेबलावर झोपवलं. आमच्या त्या एक्स-रेचा दुसऱ्या दिवशी रिपोर्टसुद्धा आला, कारण तिथे प्रत्येक फोटो आपोआप कुठल्याशा डॉक्टरकडे जातो. रिपोर्टात लिहिलं होतं की दोन्ही फुप्फुसं दिसत नाहीत, शरीरात अनेक धातूच्या वस्तू आहेत, रुग्णाला तातडीने बोलवावं. मला तीन दिवस इस्पितळातून फोन येत होते.

पण ते हसणं नंतरचं. त्या सकाळी पडद्यावर चित्र उमटलं आणि मी पडद्याला नाकच लावलं.

चार फळ्या. प्रत्येक फळीच्या कडेला खाच, शेजारच्या फळीला त्या खाचेत बसणारी जीभ. आणि आरपार खिळे. एकोणीस खिळे. प्रत्येक खिळ्याचं टोक मागून बाहेर काढून एकदा वाकवलेलं, मग पुन्हा वाकवून लाकडात परत ठोकलेलं, गळासारखं.

"काय झालं?" अहिल्याताईने विचारलं. "बसा बघू आधी."

मी बसलो. माझा आजा गलबतं बांधायचा. मी सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या मागे उभा राहून खिळ्याची टोकं वाकवली आहेत. एकदा वाकवली आणि सोडून दिली की तो पाठीत धपाटा घालायचा. दोनदा! दोनदा वाकवायचं, म्हणजे लाटेने हिसका दिला तरी फळी सुटत नाही. चित्रासाठी कोण मूर्ख असं करेल? युरोपातला फळ्या जोडणारा सरस लावतो आणि मोकळा होतो. भिंतीवर कुठल्या लाटा येणार आहेत?

हे काम होडीवाल्याचं होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या. गोव्याचा असेल, चौलचा असेल, कदाचित खाडीपलीकडचा असेल, मला सांगता यायचं नाही. कुणा कप्तानाने हुकूम सोडला असणार, माझी तसबीर काढा, मोठी फळी आणा. आणि आमच्या या सुताराने त्याला जे येत होतं ते केलं. त्याने कप्तानासाठी होडी बांधली. होडीच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि सांधा घट्ट बसतो. कोरड्यात ठेवल्या की आकसतात आणि सांधा उघडतो. त्या बापड्याला काय ठाऊक, आपली फळी चारशे वर्षांनी जुबैलमध्ये एसीखाली उभी राहणार आहे! भेग सांध्यावरच होती. राजाभाऊ बरोबर होता.

कडेला बारीक टोचून लाकडाची ढलपी काढली आणि नाकाशी नेली. सागवान. मला तपासणीची गरजच नव्हती. अहिल्याताईसमोर माझे डोळे वाहायला लागले आणि मी पुसलेही नाहीत. बावीस वर्षं दगडांत काय आहे ते सांगत होतो, आणि आज पहिल्यांदा त्यातून माझा माणूस निघाला होता.

"लिहा हो हे," अहिल्याताई म्हणाली. "तुमच्या नावानं लिहा."

घरी येऊन इस्मतला सांगितलं. मी बोलत होतो, हातवारे करत होतो, आज्यासारखा खिळा वाकवून दाखवत होतो. तिने घावन्याचा तवा खाली उतरवला आणि ऐकत राहिली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं एवढं तिने कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "अहो, मग आता तुमचं नाव आलं तर ते शोभेल." आतल्या खोलीत आमची लेक इफरा कानात ते पांढरे इअरफोन घालून अभ्यास करत होती, तिला काही ऐकू गेलं नाही. म्हटलं, पुस्तक छापून आलं की दाखवू.

तीन दिवसांत अहवाल लिहिला. नीळ, शिंपल्याचा चुना, सागवान, खिळे, सांधा. शेवटी एकच वाक्य: हे चित्र पोर्तुगीज माणसाचं आहे, पण बहुधा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथल्या हातांनी घडलेलं आहे.

नबील साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग गहवा ओतला, माझ्यासमोर ठेवला, आणि अगदी मायेने विचारलं, "म्हणजे हा हिंदी आहे?"

"कप्तान पोर्तुगीजच आहे, साहेब. बनवणारे हिंदी."

"सदीक, मित्रा, मी पोर्तुगीज घेतलाय."

मी म्हटलं, "चित्र तेच आहे, साहेब. कालही तेच होतं."

त्यांनी मान वळवून हॉलकडे पाहिलं, जिथे कप्तानासाठी मधली भिंत राखून ठेवली होती, वरून दिवे सोडून. मागच्या खोलीत खजुराच्या टोपल्या, जुने पाटे आणि एक हिंदी पेटारा ठेवला होता. साहेब मनातल्या मनात कप्तानाला तिकडे हलवत होते, मला दिसत होतं. घ्या! चित्राचाही पासपोर्ट बघतात. पासपोर्ट बदलला की माणसाची खुर्ची बदलते, चित्राची भिंत बदलते. तोच कप्तान, तेच नाक.

दुआर्त साहेबही तिथेच बसले होते. आता हळू आवाजात म्हणाले, "मिस्टर हारून, काम फार सुंदर आहे. आकडे एकही बदलायची गरज नाही. सागवान जहाजाने लिस्बनला जात होतंच."

"आणि नीळ?"

"नीळही जात होती."

"शिंपल्याचा चुना?"

"जहाजांत काय काय भरून जायचं, कोण सांगणार?"

"आणि दोनदा वाकवलेले खिळे?"

"मोडलेल्या जहाजाची फळी असेल. लिस्बनच्या चित्रकाराने ती वापरली."

वा रे वा! लाकूड गेलं, नीळ गेली, चुना गेला, खिळे गेले. सगळं जहाजात बसून लिस्बनला गेलं, फक्त माणूस तेवढा किनाऱ्यावर राहिला. मी हे तोंडावर म्हटलं. आवाजही चढवला.

नबील साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तेव्हा दुआर्त साहेब माझ्याकडे वाकले. "सागवान मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "चित्र उचललं तेव्हाच. आमच्याकडच्या ओकचं लाकूड असं तेलकट नसतं."

"मग तपासणी कशाला केली?"

"तपासणी झाली असं लिहिता यावं म्हणून." त्यांनी अहवालाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. "इथे दोन नावं येतील. दुआर्त आणि सोलकर. पुढच्या वर्षी लिस्बनच्या परिषदेतही हेच जाईल. दोन्ही नावं. फक्त शेवटचं वाक्य आणि खिळ्यांचं पान आपण काढू या."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. खोटं बोललो. विचार करायला काही उरलंच नव्हतं. सोलकर हा शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला आणि कागदावर कसा दिसेल ते मला दिसायला लागलं. मी, ज्याने बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांना शिव्या घातल्या! दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी स्वतःला समजावलं की एकही आकडा खोटा नाही. सागवान लिहिलंय. नीळ लिहिलीय. चुना लिहिलाय. फक्त कुणी केलं ते लिहिलं नाही, आणि ते तर तसंही कुठे लिहिलेलं होतं? रास अल खैरचा फाटा येईपर्यंत माझं मन साफ झालं होतं. सही केली.

पण तेवढ्यावर भागलं नाही. भेग थांबवायला दुआर्त साहेबांनी मागून नवी चौकट बसवायची ठरवली, आणि चौकट बसायची तर पाठ सपाट हवी. म्हणजे काळा थर खरवडायचा आणि खिळ्यांची टोकं कापायची. "मिस्टर हारून, तुमचा हात स्थिर आहे," ते म्हणाले. तोंडपुजेपणा बघा. माझा हात कुठून स्थिर झाला ते त्यांना काय माहीत.

बारीक करवत घेऊन मी टोकं कापली. एकोणीस. चौथ्यापर्यंत मोजत होतो, मग मोजणं बंद केलं. लोखंड गंजून ठिसूळ झालेलं, पण वळण तसंच होतं. एकदा बाहेर, दुसऱ्यांदा आत. कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालून करून घेतलेलं. काम मात्र मी अर्धवट सोडलं नाही. आम्ही कामात चोख असतो, हीच तर आमची ख्याती आहे. टोकं कचऱ्याच्या पिशवीत टाकली, झाडून घेतलं, आणि दुआर्त साहेबांनी सपाट पाठीवरून हात फिरवून "उत्कृष्ट" म्हटलं.

उद्घाटन झोकात झालं. कप्तान मधल्या भिंतीवर, वरून दिवे. नाक मेणाने बुजवलेलं. पाटी: लिस्बन, सोळावं शतक. पुस्तक जाड, गुळगुळीत, आणि सातव्या पानावर, खरंच, छापलं होतं. माझं नाव. पूर्ण, ठळक. मी बारा प्रती मागून घेतल्या. राजाभाऊने एक हातात घेतली, पानं उलटली, आणि विचारलं, "साहेब, ह्यात एसीचं लिहिलं का?" मी म्हटलं, हवामानाचं लिहिलंय. तो म्हणाला, बरं झालं.

एक प्रत अहिल्याताईला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला. "हारूनभाई, अभिनंदन. सगळं वाचलं. खिळे कुठे दिसले नाहीत."

"जागा कमी पडली," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली. "एक्स-रे आहे हो माझ्याकडे. तुमच्याच इकाम्यावर आहे." आणि फोन ठेवला.

इस्मतने पुस्तक पाहिलं. सातवं पान पाहिलं, नावावरून बोट फिरवलं. मग पुढची सगळी पानं एकेक करून उलटली, शेवटपर्यंत. ती काहीतरी शोधत होती आणि काय ते मला माहीत होतं. पुस्तक बंद करून ती म्हणाली, "चांगलं आलंय." एवढंच. एकतीस वर्षांत ती माझ्याशी इतक्या सभ्यपणे कधी बोलली नव्हती.

पुढच्या आठवड्यात इफराच्या शाळेची सहल त्याच संग्रहालयात गेली. नबील साहेबांनीच बोलावलं होतं. सहलीवर एक मोठा तक्ता भरून द्यायचा होता. दुपारी ती जेवणाच्या टेबलावर तो तक्ता पसरून बसली, शेजारी माझं पुस्तक. गाल फुललेले. मैत्रिणींना सांगितलं होतं तिने, इसमें मेरे अब्बा का नाम है.

"अब्बा, यहाँ लिखा है लकड़ी इंडिया से आयी. मतलब अपनी साइड से?"

"हो."

"और ब्लू कलर भी?"

"हो. नीळ. तीही आपलीच."

"वॉव." तिने लिहिलं. मग पेन्सिल गालाला लावून विचार केला. "और पेंटिंग पोर्चुगीज़ लोगों ने बनायी."

इस्मत ओट्यापाशी उभी होती. तिची पाठ आमच्याकडे होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला एक शब्द बोलायचा होता, 'नाही', एवढाच, आणि तो मला येत होता. साऱ्या सौदीत तो शब्द छातीठोकपणे सांगू शकणारा मी एकटा माणूस होतो.

"हो," मी म्हटलं.

"तो अपने लोगों ने क्या किया? सिर्फ लकड़ी काटी?"

"हो," मी म्हटलं. "तेव्हा आपल्याकडे असलं काही येत नव्हतं कुणाला."

इफराने मान डोलावली, जसं काही तिला वाटलंच होतं, आणि नीट अक्षरात ते लिहून घेतलं. तक्त्यात शेवटचा रकाना होता, माहिती कोणी दिली. तिथे तिने माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि मला विचारून माझी पदवीसुद्धा.